बडोद्याहून जर्मनीत शिकायला जाताना: सामान बांधण्यापासून पहिल्या वर्षाच्या प्रवासापर्यंत

शिक्षणासाठी परदेशी जाणे बडोद्याला नवे नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केले, संस्थानाच्या खर्चाने होतकरू विद्यार्थी परदेशी पाठवले, आणि १९१३ साली डॉ. भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले तेही बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. आज दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतल्या मराठी घरांतून अभियांत्रिकीची किंवा विज्ञानाची पदवी घेऊन निघालेल्या मुलामुलींना जर्मनी जवळची वाटते, कारण तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. दर सेमिस्टरला काहीशे युरोंपर्यंतची वर्गणी तेवढी भरावी लागते. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सेमिस्टरला १,५०० युरो द्यावे लागतात, हे प्रवेश निवडतानाच लक्षात घ्यावे.

प्रवेश, एपीएस प्रमाणपत्र (भारतातील शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याचा दाखला) आणि व्हिसा यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. व्हिसा हातात पडला की घरात पेढे वाटले जातात आणि तयारी संपली असे सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात मुलगा किंवा मुलगी तिथे उतरल्यानंतरचे पहिले दोन महिने सर्वांत निसरडे असतात, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. जर्मनीतील व्यवस्थेत प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा असतो. पत्त्याशिवाय नोंदणी नाही, नोंदणीवाचून निवास परवाना नाही आणि परवान्यावाचून निर्धास्त प्रवास नाही. म्हणून कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हा क्रम या लेखात शक्य तितक्या तपशिलाने दिला आहे.

पहिली पायरी: निघण्यापूर्वीचा महिना

सर्वांत आधी नाव तपासावे. गुजरातमधील शाळांच्या गुणपत्रिकांवर पुष्कळदा आधी आडनाव, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असा क्रम असतो. पारपत्रावर आडनाव वेगळ्या रकान्यात, तर स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकाच रकान्यात येते. त्यात गायकवाड, शितोळे, घोरपडे यांसारख्या आडनावांची रोमन लिपीतील स्पेलिंगे घरातल्या दोन कागदांवर दोन तऱ्हांची असतात. जर्मनीत पारपत्रावरचे नाव हेच अंतिम धरले जाते. तेव्हा विद्यापीठ, विमा कंपनी, बँक आणि घरमालक या चौघांनाही पारपत्रावर आहे तसेच, एकाही अक्षराचा फरक न करता नाव कळवावे.

पैशांची व्यवस्था ब्लॉक्ड अकाउंटने होते. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात, आणि तिथे बँक खाते उघडल्यानंतर दरमहा तेवढीच रक्कम हाती येते. पहिला हप्ता मिळेपर्यंत मात्र काही दिवस, कधी काही आठवडे जातात आणि नेमक्या त्याच काळात घराची अनामत द्यावी लागते. ही अनामत कायद्याने मूळ भाड्याच्या तिप्पट रकमेपर्यंत असू शकते. म्हणून अनामत आणि एका महिन्याचा घरखर्च भागेल इतके पैसे फॉरेक्स कार्डावर वेगळे न्यावेत. खोली न पाहता, करार हातात नसताना, केवळ छायाचित्रांवर विसंबून कोणालाही आगाऊ पैसे पाठवू नयेत. घाईत असलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना फसवण्याचा हा नेहमीचा मार्ग आहे.

भारतातला मोबाइल क्रमांक बंद करू नये. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात आणि आई-बाबांनी इथून पाठवलेल्या पैशांची पडताळणीही कधी कधी त्यावरच अडते. निघण्याआधी परदेशात एसएमएस मिळेल अशी सोय सुरू करून घ्यावी आणि ती चालते का, हे पोहोचल्याच्या दिवशी पाहावे.

सामानाविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांशी थोडा वाद होणार हे गृहीत धरावे. बाहेरच्या देशांतून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. गणपतीच्या प्रसादाचे पेढे, बर्फी, श्रीखंडाचा डबा, आजीने कढवलेले साजूक तूप हे सगळे त्यात येते, आणि विमानतळावर सापडले तर जप्त होते. ताजी फळे, कढीपत्ता, रोपे यांच्यासाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, म्हणून तीही नेऊ नयेत. भाकरवडी, लीला चिवडा, कोरडी चटणी, मसाले असे पदार्थ व्यवस्थित सीलबंद करून नेता येतात. तूरडाळ, बासमती, मोहरी, हिंग हे सारे मोठ्या शहरांतील भारतीय दुकानांत मिळते. गोडा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी मात्र क्वचितच मिळते, म्हणून बॅगेतली जागा त्यांना द्यावी.

विजेचा दाब तिथेही २३० व्होल्ट असल्यामुळे इथला मिक्सर चालतो, पण आपला तीन गोल पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटात बसत नाही, अडॅप्टर लागतो. प्रेशर कुकर न्यायचा असेल तर सपाट बुडाचा आणि इंडक्शनवर चालणारा न्यावा. वसतिगृहांतील शेगड्या काचेच्या सपाट पृष्ठभागाच्या असतात, त्यांवर गोल बुडाची कढई आणि जुना ॲल्युमिनियमचा कुकर नीट तापत नाही. नियमित औषधे असल्यास साधारण तीन महिन्यांची, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत.

दुसरी पायरी: पत्ता आणि पेटीवरचे नाव

जर्मनीतील इमारतींत घरांना आपल्यासारखे फ्लॅट क्रमांक बहुधा नसतात. दारावरची घंटा आणि खालची टपालपेटी या दोन्हींवर आडनाव असते आणि टपालवाला केवळ आडनाव वाचून पत्र टाकतो. आपले नाव पेटीवर नसेल, तर पत्ता कितीही बरोबर असला तरी पत्र पाठवणाऱ्याकडे परत जाते. आता कोणकोणती पत्रे येतात ते पाहा. बँक कार्ड आणि त्याचा पिन वेगवेगळ्या पाकिटांत येतात, विम्याचे कार्ड टपालाने येते, करक्रमांक टपालाने येतो, परदेशी नागरिक कार्यालयाची भेटीची तारीखही कधी कधी टपालाने येते. त्या देशात सरकारी कामकाज आजही कागदावर चालते. म्हणून खोलीची किल्ली हातात आल्याच्या दिवशी, सामान उघडण्याआधी, पारपत्रावरचे आडनाव पेटीवर आणि घंटेवर लावावे. मित्राच्या खोलीत तात्पुरते राहणार असल्यास पत्त्यात मित्राच्या आडनावाआधी सी/ओ, म्हणजे त्याच्याकडे राहणारा, असे लिहावे आणि शक्य असल्यास पेटीवर स्वतःचेही नाव चिकटवून घ्यावे.

यानंतर ज्याला विद्यार्थी आनमेल्डुंग म्हणतात ती पत्त्याची नोंदणी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती नगरपालिकेच्या नागरिक कार्यालयात करावी लागते. सोबत पारपत्र आणि घरमालकाने किंवा वसतिगृहाने दिलेले, ही व्यक्ती येथे राहते असे सांगणारे सहीचे पत्र लागते. नुसता भाडेकरार पुरत नाही. मोठ्या शहरांत भेटीची वेळ मिळायला आठवडे लागतात, म्हणून ती बडोद्यात असतानाच ऑनलाइन शोधावी आणि जवळची वेळ मिळत नसेल तर रोज सकाळी पुन्हा पाहावे, कारण रद्द झालेल्या वेळा तेव्हा मोकळ्या होतात. नोंदणीनंतर मिळणारा कागद जपून ठेवून त्याच्या प्रती काढाव्यात. काही आठवड्यांनी करक्रमांकाचे पत्र येते, आणि रेडिओ-दूरचित्रवाणीच्या सार्वजनिक वर्गणीचेही येते. ही वर्गणी महिन्याला १८.३६ युरो आहे आणि ती एका घरामागे एकदाच भरायची असते. घर वाटून राहणाऱ्यांपैकी एकाने भरली की इतरांनी त्याचा क्रमांक कळवून मोकळे व्हावे, पण पत्राकडे दुर्लक्ष कधीही करू नये.

आरोग्य विमा हा विद्यापीठाच्या नावनोंदणीला जोडलेला आहे. तिशीच्या आतील विद्यार्थ्यांनी सार्वजनिक विमा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला महिन्याला सुमारे १५० युरो पडतात आणि खासगी विमा त्यापेक्षा स्वस्त दिसतो. पण खासगी विम्यासाठी सार्वजनिक विम्यातून एकदा सूट घेतली की त्या शिक्षणाच्या काळात परत फिरता येत नाही, आणि दुखणे निघाले की स्वस्तातला फरक कळतो. सार्वजनिक विमा सेमिस्टर किंवा नावनोंदणी सुरू झाल्यावर लागू होतो. गणेशोत्सव आटोपून सप्टेंबरच्या मध्यावर पोहोचणाऱ्याने १ ऑक्टोबरपर्यंतच्या दिवसांसाठी वेगळा प्रवास विमा घेतलेला असावा.

या साखळीतले शेवटचे काम म्हणजे निवास परवाना. प्रवेशाचा व्हिसा पुष्कळदा काही महिन्यांचाच असतो आणि तो संपण्यापूर्वी परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज पोहोचलेला असणे अत्यावश्यक आहे. भेटीची वेळ नंतरची मिळाली तरी चालते, अर्ज मात्र मुदतीत हवा, आणि तो पाठवल्याचा पुरावाही जपून ठेवावा.

तिसरी पायरी: खोलीतले राहणे

बडोद्याच्या घरात खिडक्या आठ महिने उघड्याच असतात, त्यामुळे खिडकी कशी उघडावी हे कोणी शिकवत नाही. जर्मनीत ते शिकावे लागते. तिथल्या खिडकीची मूठ खाली असेल तर खिडकी बंद, आडवी केली की दारासारखी पूर्ण उघडते, आणि वर वळवली की वरचा भाग आत झुकून फट पडते. नव्या विद्यार्थ्याला ही फट सोयीची वाटते आणि थंडीत तो ती दिवसभर तशीच ठेवतो. त्याने हवा फारशी बदलत नाही, पण खिडकीभोवतीची भिंत गारठते, आणि वरण उकळल्याची, कुकरच्या शिट्ट्यांची, आतच वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ त्या थंड भिंतीवर जमून काळी बुरशी धरते. खोली सोडताना ही बुरशी अनामतीतून वजा होते. योग्य रीत अशी, की सकाळ-संध्याकाळ हीटर बंद करून खिडकी पाच ते दहा मिनिटे पूर्ण उघडावी, शक्य असल्यास समोरचे दारही उघडावे, आणि मग दोन्ही बंद करून हीटर पुन्हा सुरू करावा. हीटरच्या चकतीवर १ ते ५ आकडे असतात. त्यांतला ३ म्हणजे साधारण २० अंश. खोली लवकर तापावी म्हणून ५ वर नेण्याचा उपयोग नसतो; त्याने खोली जास्त तापते, लवकर नव्हे.

धूरसूचकाचाही विचार करावा. खोलीत निरांजन लावण्यास परवानगी आहे का, हे आधी विचारावे; उदबत्ती आणि मिरचीची फोडणी यांनी तो वाजू शकतो आणि काही वसतिगृहांत तो थेट अग्निशमन दलाशी जोडलेला असतो. फोडणी करताना स्वयंपाकघराचे दार लावून खिडकी उघडावी.

रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते. मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर, भिंतीत खिळा ठोकणे हे रविवारी करू नये. कचरा वेगळा करण्याची पद्धत प्रत्येक शहरात थोडी निराळी असते. साधारणतः कागद, प्लास्टिकचे आवरण, ओला कचरा आणि उरलेला कचरा यांचे डबे इमारतीत असतात, तर काच रंगानुसार रस्त्यावरच्या मोठ्या पिंपांत टाकायची असते, तीही रविवारी नाही.

चौथी पायरी: स्वयंपाक आणि महिन्याचा खर्च

रविवारी दुकाने बंद असतात. रेल्वे स्थानकातली दुकाने आणि पेट्रोल पंप हे मुख्य अपवाद, आणि तिथले भाव चढे असतात. शनिवारी दुपारपर्यंत सोमवार सकाळपर्यंतचा बाजार करून ठेवण्याची सवय पहिल्याच आठवड्यात लावावी. नाताळात २५ आणि २६ डिसेंबर लागून सुट्ट्या असतात आणि शेजारी रविवार आला तर सलग तीन दिवस दूधही मिळत नाही.

मराठी स्वयंपाकाला लागणाऱ्या गोष्टींसाठी तिथल्या साध्या दुकानांत चांगले पर्याय आहेत. बुटरश्माल्ट्स नावाने मिळणारे निवळलेले लोणी हे तुपाच्या अगदी जवळचे असते. नाही तर बिनमिठाचे लोणी घरी कढवावे. क्वार्क नावाचा दुधाचा पदार्थ चक्क्यासारखा असतो, त्याला फडक्यात तासभर टांगून पिठीसाखर, केशर आणि वेलची घातली की पाडव्याला श्रीखंड होते. गव्हाच्या पिठावर ४०५ लिहिलेले असेल तर तो आपला मैदा. पोळीसाठी १०५० किंवा भारतीय अथवा तुर्की दुकानातली कणीक घ्यावी. भाज्या तुर्की दुकानांत ताज्या आणि बऱ्याचदा स्वस्त मिळतात.

९९२ युरोंचे गणित जागेवर ठरते. विद्यार्थी संस्थेच्या वसतिगृहात खोली मिळाली तर भाडे ३०० युरोंच्या आसपास बसते; म्युनिकसारख्या शहरात खासगी खोलीला त्याच्या दुपटीहून अधिक लागतात, आणि मग विमा भरून हातात फारसे उरत नाही. म्हणून प्रवेशाचे पत्र येताच, व्हिसाची वाट न पाहता, वसतिगृहाच्या प्रतीक्षा यादीत नाव घालावे. दुपारचे जेवण विद्यापीठाच्या मेन्सामध्ये, म्हणजे भोजनालयात, घ्यावे. तिथे शाकाहारी पदार्थ रोज असतात आणि बाहेरच्या उपाहारगृहापेक्षा पुष्कळ कमी पैशांत पोट भरते. पाण्याच्या आणि शीतपेयांच्या एकदाच वापरायच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते. रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकल्या की पावती मिळते आणि ती बिलातून वजा होते. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते, त्यामुळे पाण्याच्या बाटल्या विकत घेण्याची मुळात गरज नाही.

पाचवी पायरी: अभ्यासाचे नियम

येथे एकच गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. जर्मन विद्यापीठात विषयाचा वर्ग घेतला म्हणजे परीक्षेला नाव गेले, असे होत नाही. परीक्षेसाठी स्वतंत्र नोंदणी असते, तिची मुदत असते, आणि मुदत चुकली तर अभ्यास झालेला असूनही परीक्षेला बसता येत नाही. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच प्रयत्न असतात. अनिवार्य विषयात तिसऱ्यांदा नापास झाल्यास तो अभ्यासक्रम त्या विद्यापीठात संपतो आणि सामान्यतः जर्मनीतील दुसऱ्या विद्यापीठातही तोच अभ्यासक्रम करता येत नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठात किंवा इतरत्र एटीकेटीची सवय झालेल्या विद्यार्थ्याने हा नियम आपल्या विभागाच्या परीक्षा नियमावलीत पहिल्याच महिन्यात वाचावा. परीक्षेच्या दिवशी आजारी पडल्यास डॉक्टरांचे प्रमाणपत्र नियमात सांगितलेल्या मुदतीत द्यावे, नाही तर तो प्रयत्न वाया जातो. गुण १.० ते ५.० असे असतात; १.० सर्वोत्तम आणि ४.० पर्यंत उत्तीर्ण. वेळापत्रकात वेळेपुढे सी.टी. अशी अक्षरे असतील तर तास पंधरा मिनिटे उशिरा, आणि एस.टी. असेल तर नेमक्या वेळेला सुरू होतो.

कामाबद्दल थोडेसे. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे, आणि जानेवारी २०२६ पासून किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. पहिल्या सेमिस्टरचा खर्च मात्र नोकरीवर सोडू नये. भाषा येत नसताना काम मिळायला वेळ लागतो, आणि पहिल्या परीक्षांचा धक्का बसतो तो बहुधा हातातले तास कामात गेल्यामुळे.

आजारपणासाठी तीन क्रमांक फोनमध्ये ठेवावेत: रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ११२, पोलिसांसाठी ११०, आणि दवाखाने बंद असताना जिवावरचे नसलेल्या दुखण्यासाठी ११६११७. प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. बरे असतानाच घराजवळचा एक डॉक्टर गाठून त्याच्याकडे नाव नोंदवावे, कारण आजारी पडल्यावर नवा रुग्ण घेणारा दवाखाना शोधणे कठीण जाते.

सहावी पायरी: प्रवास

घरून निघताना पुष्कळ आई-बाबा सांगतात, की शिकायला चालला आहेस, फिरायला नव्हे. त्यांची काळजी समजण्यासारखी आहे, कारण हे पैसे त्यांनी वर्षानुवर्षे साठवलेले असतात. तरीही माझे मत असे, की प्रवास हा परदेशातील शिक्षणाचाच भाग आहे आणि तो पहिल्या महिन्यापासून करावा. फक्त जवळून सुरुवात करून हळूहळू लांब जावे. ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळे मागे जातात, भारताशी असलेले साडेतीन तासांचे अंतर साडेचार तासांचे होते, डिसेंबरात उत्तरेकडे संध्याकाळी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि जो खोलीतच बसतो त्याला त्या महिन्यांत एकटेपणा फार जाणवतो. बडोद्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवरात्रातला गरबा नुकताच संपून दिवाळीचा फराळ सुरू झालेला असतो, आणि फोनवर ते सगळे दिसते. शनिवारी सकाळी गाडीत बसून पन्नास-शंभर किलोमीटर दूर जाऊन येणे हा त्यावर खरा उपाय आहे.

रोजच्या आणि जवळच्या प्रवासाला डॉइचलांड टिकीट हे मासिक तिकीट आहे. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोंना सुरू झाले, २०२५ मध्ये ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंचे झाले. ते देशभरातील बस, ट्राम, भुयारी रेल्वे आणि प्रादेशिक गाड्यांना चालते. आयसीई, आयसी, ईसी या जलद गाड्यांना चालत नाही. अनेक विद्यापीठांत हेच तिकीट सेमिस्टर वर्गणीतून साठ टक्के किमतीत मिळते, म्हणून स्वतः विकत घेण्याआधी विद्यापीठाच्या पत्रात पाहावे. वेगळे घेतले असल्यास ते दरमहा आपोआप पुढे सुरू राहते आणि बंद करायचे तर महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावे लागते. स्थानकांवर आत जाताना अडवणारे फाटक नसते, त्यामुळे तिकीट कोणी पाहत नाही असा समज होतो. तपासनीस साध्या कपड्यांत येतात आणि विनातिकीट प्रवासाला किमान ६० युरो दंड आहे. हे तिकीट नावावर असते, सोबत छायाचित्राचे ओळखपत्र ठेवावे.

एक उदाहरण घेऊ. ड्रेस्डेनमध्ये शिकणाऱ्याने पहिल्या शनिवारी शहरातच राहून राजवाड्यातील ग्र्युनेस गेव्योल्बे हे रत्नसंग्रहालय पाहावे. तिथे डिंगलिंगर या सोनाराने १७०१ ते १७०८ या काळात घडवलेला औरंगजेबाचा दरबार आहे. हिरेमाणकांनी मढवलेल्या शंभराहून अधिक लहान मूर्ती, हत्ती, नजराणे घेऊन आलेले सरदार. मधल्या सिंहासनावर बसलेला बादशहा त्या वेळी प्रत्यक्षात दख्खनेत मराठ्यांशी झुंजत होता आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरण पावला, हे ठाऊक असलेल्या मराठी माणसाने त्या काचेपुढे जरा जास्त वेळ उभे राहावे. दुसऱ्या शनिवारी एस १ ही उपनगरी गाडी पकडून एल्ब नदीकाठच्या राथेनला जावे, छोट्या फेरीबोटीने नदी ओलांडावी आणि चढून बास्टाइच्या कड्यांवरचा १८५१ साली बांधलेला दगडी पूल गाठावा. गाडीला पाऊण तासाहून कमी वेळ लागतो, खर्च बोटीचा आणि डब्यातल्या थालीपिठाचा. महिन्याभराने, हवा पाहून, प्राग. ती लांब पल्ल्याची जलद गाडी असल्यामुळे डॉइचलांड टिकीट चालत नाही आणि सीमा ओलांडायची असल्यामुळे पारपत्र लागते. प्रत्येक विद्यापीठाच्या गावाभोवती असे तीन टप्प्यांचे प्रवास आखता येतात. राइन नदीकाठी राहणाऱ्याला कोब्लेंत्स ते माइंत्स हा नदीला लागून जाणारा किल्ल्यांचा मार्ग प्रादेशिक गाडीच्या खिडकीतूनच दिसतो.

लांब पल्ल्याच्या गाड्यांची तिकिटे जितकी लवकर घ्यावीत तितकी स्वस्त पडतात. भारतीय प्रवाशाला दोन गोष्टी वेगळ्या वाटतील. एक, तिकिटात जागा धरलेली नसते. आरक्षणाचे पैसे वेगळे, आणि ते नसेल तर रिकाम्या जागेवर बसायचे किंवा उभे राहायचे. वेटिंगची भानगड नाही. दुसरे, स्वस्त तिकीट ठरावीक गाडीलाच बांधलेले असते. मात्र पोहोचायला २० मिनिटे किंवा त्याहून अधिक उशीर होणार असे दिसू लागले की ते बंधन सुटते आणि दुसऱ्या गाडीने जाता येते. ६० मिनिटे उशीर झाल्यास भाड्याचा २५ टक्के आणि १२० मिनिटांनंतर ५० टक्के भाग परत मागता येतो, तेव्हा तिकीट आणि उशिराचा पुरावा जपून ठेवावा. जर्मन गाड्या वेळेच्या पक्क्या असतात ही समजूत आता सोडावी. विमान पकडायचे असेल तर निदान एक गाडी आधीची घ्यावी, आणि फलकावर एसईव्ही लिहिलेले दिसले तर त्या मार्गावर रुळांचे काम सुरू असून बसने जावे लागणार, असे समजावे.

शेजारच्या देशांत जाताना व्हिसाचे नियम नीट समजून घ्यावेत. जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा किंवा निवास परवाना असलेल्याला इतर शेंगेन देशांत, म्हणजे समान व्हिसाच्या कराराने जोडलेल्या युरोपीय देशांत, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येते. बल्गेरिया आणि रुमानिया हे १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आले. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत. तिथे स्वतंत्र व्हिसा लागतो. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये असला तरी युरोपीय संघात नाही, त्यामुळे फोनचे रोमिंग तिथे महाग पडू शकते. सीमेवर कोणी विचारत नाही असे जुने विद्यार्थी सांगतील, पण जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भू-सीमांवर तपासणी सुरू केली आहे. मूळ पारपत्र आणि परवान्याचे कार्ड दोन्ही सोबत हवीत. फोनमधले छायाचित्र पुरत नाही. पारपत्र हरवलेच तर आधी पोलिसांत तक्रार आणि मग बर्लिनचा भारतीय दूतावास किंवा फ्रँकफुर्ट, हाम्बुर्ग, म्युनिक येथील वाणिज्य दूतावास.

सातवी पायरी: सुट्टीत बडोद्याला येताना

हिवाळी सेमिस्टरचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत आणि उन्हाळी सेमिस्टरचे एप्रिलपासून जुलैपर्यंत चालतात. परीक्षा त्यांना लागून असतात. म्हणजे उत्तरायणाला, पतंगांच्या दिवसांत, घरी येणे जवळजवळ अशक्य. घरी येण्याचा खरा काळ मार्च किंवा ऑगस्ट-सप्टेंबर, आणि गणपतीला आपण घरी असू शकतो हे आजीला आधीच सांगून ठेवावे. परीक्षेची शेवटची तारीख कळल्याशिवाय तिकीट काढू नये.

मुंबई किंवा अहमदाबाद यांपैकी जिथे स्वस्त तिकीट मिळेल ते घ्यावे, पण दोन्हीकडून बडोद्यापर्यंतचा खर्च त्यात धरावा. रात्री उशिरा अहमदाबादला उतरणाऱ्याला टॅक्सीने दोन-अडीच तासांत घर गाठता येते. मुंबईहून मात्र पुढची गाडी आधीच आरक्षित असलेली बरी.

तिकीट काढण्यापूर्वी परवान्याच्या कार्डावरची तारीख पाहावी. परतण्याच्या दिवशी ते वैध असलेच पाहिजे. कार्ड संपले असेल आणि नूतनीकरणाचा अर्ज चालू असेल, तर कार्यालय तात्पुरते प्रमाणपत्र देते. त्यावर निवास कायद्याच्या ८१ व्या कलमाचा तिसरा परिच्छेद नोंदलेला असेल तर त्याच्या आधारे देशाबाहेर जाऊन परत येता येत नाही. चौथा परिच्छेद असेल तर येता येते. शंका असेल तर निघण्याआधी कार्यालयाला लेखी विचारावे आणि आलेल्या उत्तराची प्रत पारपत्राबरोबर ठेवावी, कारण मुंबई किंवा अहमदाबादच्या विमानतळावर विमान कंपनीचा कर्मचारी ते प्रमाणपत्र कदाचित पहिल्यांदाच पाहत असतो.